मुदतवाढ

घराघरांत आंतरजालाची जोडणी पोहोचवणारी जी लहानशी पेटी कपाटाच्या डोक्यावर किंवा दाराजवळच्या फळीवर वर्षानुवर्षे बसलेली असते, तिचे आयुष्य दोन निरनिराळ्या मुदतींनी बांधलेले आहे. पहिली मुदत तिच्या देहाची: उष्णता बेताची असली, वीजपुरवठा धड असला आणि अडॅप्टर एखाद्या वेळी बदलला, तर राउटर दहा वर्षेही विनातक्रार चालतो. दुसरी मुदत त्याच्या पोटातील आज्ञावलीची, म्हणजे फर्मवेअरची. ती सर्वस्वी उत्पादकाच्या मर्जीवर अवलंबून असते, आणि नवे मॉडेल बाजारात आले की जुन्याच्या दुरुस्त्या प्रथम विरळ होतात व मग थांबतात. ही दुसरी मुदत संपल्याची नोटीस घरमालकावर कोणी बजावत नाही. दिवे पूर्ववत् लुकलुकत राहतात, मुलांचा अभ्यास आणि वडीलधाऱ्यांचे बँकेचे व्यवहार त्याच पेटीतून होत राहतात, आणि त्या दिवसानंतर तिच्या आज्ञावलीत उघडकीस येणारा प्रत्येक दोष मात्र कायमचा तसाच राहतो.

ही मुदत वाढवून देण्याचे काम, उत्पादकाशी यत्किंचितही संबंध नसलेली आणि बहुतांशी विनावेतन राबणारी माणसे गेली वीस वर्षे करीत आली आहेत. त्यांच्या प्रकल्पांत ओपनडब्ल्यूआरटीचे नाव सर्वांत मोठे. डीडी-डब्ल्यूआरटी आणि टोमॅटो ही त्याच काळातील इतर दोन नावे. कंपनीचे फर्मवेअर पुसून त्या जागी असे स्वतंत्र फर्मवेअर प्रथम बसवण्याच्या पराक्रमाची वर्णने पुष्कळ ऐकू येतात. त्यानंतर दर वर्षा-दोन वर्षांनी करावयाच्या अद्यतनाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते या साऱ्या उद्योगाचे मोल त्या कंटाळवाण्या, पुनःपुन्हा करावयाच्या कामावरच ठरते; कारण एकदा ओपनडब्ल्यूआरटी बसवून पुढे पाच वर्षे हात न लावलेला राउटर आणि उत्पादकाने वाऱ्यावर सोडलेला राउटर यांत सुरक्षिततेच्या दृष्टीने फारसे अंतर उरत नाही.

फर्मवेअर बदलण्याचा हा अधिकार सामान्य ग्राहकाच्या हाती आला तो एका परवान्याच्या जोरावर. डिसेंबर २००२ मध्ये लिंक्सिस या कॅलिफोर्नियातील कंपनीने डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा, दोन अँटेनांचा राउटर बाजारात आणला, आणि पुढील वर्षी सिस्कोने ती कंपनी सुमारे ५० कोटी डॉलरना विकत घेतली. त्याच २००३ सालच्या जून महिन्यात लिनक्सवर काम करणाऱ्या मंडळींच्या ध्यानी आले की या राउटरचे फर्मवेअर लिनक्सच्या गाभ्यावर उभे आहे, आणि लिनक्स ज्या जनरल पब्लिक लायसन्सखाली, म्हणजे जीपीएलखाली, दिले जाते त्याच्या अटींप्रमाणे मूळ आज्ञावली ग्राहकाला उपलब्ध करून देणे बंधनकारक असूनही ती दिलेली नाही. फर्मवेअरचे काम तैवानमधील एका कंपनीचे, चिप ब्रॉडकॉमची, विक्री लिंक्सिसची आणि मालकी सिस्कोची, अशी जबाबदारी चार ठिकाणी वाटली गेलेली होती; तरीही विकासकांनी तगादा असा लावला की त्याच वर्षी मूळ आज्ञावली प्रसिद्ध करावी लागली. जीपीएलच्या १९९१ सालच्या दुसऱ्या आवृत्तीतील एक कलम येथे फार उपयोगी पडले. मूळ आज्ञावलीबरोबरच ती संकलित करून यंत्रावर बसवण्यासाठी ज्या पूरक आज्ञा लागतात त्याही देणे त्या कलमाने आवश्यक ठरवले आहे. आणि हे कलम लिहिले गेले तेव्हा घरगुती वायरलेस राउटर नावाची वस्तू अस्तित्वातच नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे तो मसुदा करणाऱ्यांच्या दूरदृष्टीविषयी मनात आदर उत्पन्न होतो.

जानेवारी २००४ मध्ये या खुल्या झालेल्या आज्ञावलीच्या आधारे ओपनडब्ल्यूआरटीचे काम सुरू झाले. प्रकल्पाच्या नावात त्या राउटरचे नाव आजतागायत टिकून आहे. त्याच वर्षी जर्मनीत हाराल्ड वेल्टे यांच्या फिर्यादीवरून म्युनिकच्या न्यायालयाने साइटकॉम या राउटर विकणाऱ्या कंपनीविरुद्ध मनाईहुकूम दिला आणि जीपीएलच्या अटी न्यायालयात टिकतात हे सिद्ध झाले. पुढे डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोवर याच कारणास्तव दावा लावला आणि मे २००९ मध्ये तो तडजोडीने मिटला. तथापि परवान्याने आज्ञावलीचे रक्षण केले तरी स्मृतीच्या आकाराचे रक्षण तो करू शकत नव्हता. २००५ मध्ये डब्ल्यूआरटी५४जीची पाचवी आवृत्ती निघाली तेव्हा तिची फ्लॅश स्मृती ४ मेगाबाइटवरून २ वर आणि रॅम १६ वरून ८ वर उतरवण्यात आली, आणि लिनक्स काढून त्याऐवजी व्हीएक्सवर्क्स ही बंदिस्त कार्यप्रणाली घातली गेली. लिनक्स हवे असणाऱ्यांसाठी त्याच सुमारास डब्ल्यूआरटी५४जीएल नावाने जुना घाट पुन्हा विक्रीस आला व कैक वर्षे खपत राहिला. परवाना हाती असूनही यंत्रात जागाच नसेल तर काय, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला होता. त्याकडे पुढे यावयाचे आहेच.

अद्यतनात धोका कोठे असतो हे समजण्यासाठी पेटीच्या अंतर्रचनेची थोडी ओळख हवी. टीपी-लिंकचा आर्चर सी७, दुसरी आवृत्ती, हे उदाहरण घेऊ; क्वालकॉम-अथेरॉसचा ७२० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, १६ मेगाबाइट फ्लॅश, १२८ मेगाबाइट रॅम. त्या सोळा मेगाबाइटांच्या आरंभी बूटलोडर बसलेला असतो, जो वीज येताच प्रथम जागा होऊन पुढच्यांना उठवतो. त्याच्यामागे लिनक्सचा गाभा, त्यामागे दाबून बसवलेली व केवळ वाचता येणारी मूळ फाइलव्यवस्था, आणि तिच्यावर एक लिहिता येण्याजोगा थर, ज्यात घरमालकाने केलेले सर्व बदल साठतात. म्हणूनच सेटिंग कितीही बिघडले तरी तो वरचा थर पुसला की खालचे मूळ जसेच्या तसे उघडे पडते. आणि फ्लॅशच्या अगदी शेवटी ६४ किलोबाइटांचा एक कप्पा असतो. प्रत्येक नगाच्या रेडिओची कारखान्यात मोजणी करून काढलेले आकडे त्यात असतात. ते त्या एकाच नगाचे असतात. दुसऱ्या राउटरचे उसने घेऊन काम नीट भागत नाही, आणि कोणत्याही आवृत्तीच्या कोणत्याही फर्मवेअरबरोबर ते परत मिळत नाहीत. अद्यतन करताना या कप्प्याला हात लागण्याचे कारण नसते, पण चुकून लागलाच तर रेडिओ कायमचा पंगू होतो. एवढा मोलाचा ऐवज आणि आपण काढून ठेवली नाही तर त्याची दुसरी प्रत जगात कोठेही नाही, ही गोष्ट माहीत नसणारेच अधिक.

पुण्यात सहकारनगरच्या एका गृहसंस्थेत टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंते राहतात. इमारतीतल्या ज्यांना गरज आहे त्यांचे राउटर ते सांभाळतात, आणि त्यासाठी त्यांनी एक लांबट नोंदवही ठेवली आहे: मॉडेल, तळाच्या पट्टीवरील आवृत्ती, फ्लॅश, रॅम, सध्याचे फर्मवेअर, बसवल्याची तारीख, आणि शेवटच्या रकान्यात त्या ६४ किलोबाइटांची प्रत कोठे जपून ठेवली आहे त्याची नोंद. अशाच एका आर्चर सी७चे अद्यतन मी त्यांच्या टेबलाशी बसून पाहिले. हात चालवत होता तंत्रनिकेतनात शिकणारा शेजारचा मुलगा. काका, म्हणजे ते अभियंते, खुर्चीत बसून केवळ पाहत होते. राउटर इन्व्हर्टरवरच्या प्लगला लावलेला होता, आणि दिवस मुद्दाम गुरुवार सोडून निवडलेला होता, कारण देखभालीसाठी वीज बंद राहण्याचा वार पुण्यात बहुधा तोच.

त्या राउटरवर १९.०७ ही आवृत्ती होती, आणि तीही जुन्या शाखेची. अथेरॉसच्या चिपांवरील यंत्रांसाठी ओपनडब्ल्यूआरटीत पूर्वी एआर७१एक्सएक्स नावाची शाखा होती, जिच्यात प्रत्येक यंत्राची माहिती गाभ्याच्या आज्ञावलीतच लिहिलेली असे. तिच्या जागी एटीएच७९ ही नवी शाखा आली, जिच्यात ती माहिती डिव्हाइस ट्री नावाच्या स्वतंत्र कोष्टकात दिली जाते. १९.०७ मध्ये दोन्ही शाखा नांदत होत्या. २०२१ सालच्या २१.०२ पासून जुनी बंद झाली. त्यामुळे नव्या फर्मवेअरची फाइल, म्हणजे प्रतिमा, पुढे करताच राउटरने ती नाकारली. यंत्र तेच होते, परंतु नव्या शाखेत त्याचे नाव निराळ्या रीतीने लिहिले जाते, आणि नाव जुळल्याशिवाय प्रतिमा स्वीकारू नये असाच त्याला हुकूम आहे.

"काका, जबरदस्तीची खूण करू?"

"थांब. आधी बेरीज जुळव."

म्हणजे उतरवून घेतलेल्या फाइलीची एसएचए२५६ बेरीज प्रकल्पाने प्रसिद्ध केलेल्या बेरजेशी ताडून पाहावयाची. चौसष्ट अक्षरांची ती ओळ मुलाने चार-चारच्या गटांनी मोठ्याने वाचली आणि काकांनी कागदावर बोट सरकवीत तिची रुजुवात घातली. मग तळाच्या पट्टीवरची आवृत्ती आणि फाइलीच्या नावातली आवृत्ती पुन्हा एकदा मिळवून पाहिली. यंत्र आपण होऊन नकार देत असताना त्याच्यावर सक्ती करावयाची, तर त्याने घ्यावयाची खातरजमा माणसाने घेतली पाहिजे.

"आता कर. जुनी सेटिंग ठेवायची खूण मात्र काढ. ह्या वेळी सगळं कोरं."

"मग सगळं परत टाकायचं?"

"टाकायचं. वही कशाला आहे?"

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. जुन्या सेटिंगमध्ये रेडिओचा जो अंतर्गत पत्ता लिहिलेला असतो तो नव्या शाखेत बदललेला आहे, आणि काही यंत्रांवर तर जाळ्याच्या पोर्टांची नावेही अदलाबदल झालेली आहेत. जुने सेटिंग नव्या फर्मवेअरवर तसेच लादले तर राउटर चालू होतो पण कोणाशी बोलत नाही, आणि मग बिघाड फर्मवेअरचा की सेटिंगचा हे उमगेनासे होते. जुन्या सेटिंगची प्रत घ्यावी, ती डोळ्यांनी वाचावी, आणि त्यातले हवे ते हाताने नव्याने लिहावे, हाच सरळ मार्ग. एकाच शाखेत लहान आवृत्तीवरून लहान आवृत्तीवर जाताना मात्र सेटिंग खुशाल ठेवता येते, आणि बहुतेक अद्यतने तशीच असतात.

सिसअपग्रेड ही आज्ञा प्रतिमा आधी रॅममध्ये उचलून ठेवते, एकेक करून चालू असलेली कामे बंद पाडते, आणि मग फ्लॅशवर लिहू लागते. ती तीन-चार मिनिटे काही करावयाचे नसते, आणि तेच अवघड असते. मुलाचा हात दोनदा वायरीकडे गेला आणि काकांनी दोन्ही वेळा नुसती मान हलवली. पुढचा दिवा एकदा विझला, भराभर लुकलुकला, मग संथ झाला. वायरीने जोडलेल्या संगणकावर ओपनडब्ल्यूआरटीचे पान उघडले: परवलीचा शब्द रिकामा, वायफाय बंद. कोऱ्या ओपनडब्ल्यूआरटीत वायफाय बंदच असते, हे ठाऊक नसल्यामुळे चांगला चाललेला राउटर मेला असे समजून घाबरणारे पुष्कळ आहेत. प्रथम परवलीचा शब्द, मग देश म्हणून भारत, आणि त्यानंतरच रेडिओ चालू. देशाची नोंद केवळ उपचार नाही. कोणत्या पट्ट्यात किती शक्तीने बोलावयाचे हे तिच्यावरून ठरते, आणि ५ गिगाहर्ट्झचे बरेचसे चॅनेल भारतात घरगुती वापराला मोकळे झाले ते २०१८ च्या अधिसूचनेनंतर.

आणि समजा दिवा संथ झालाच नसता तर? या मॉडेलचा बूटलोडर दयाळू आहे. रीसेटचे बटण दाबून धरून वीज दिली की तो १९२.१६८.०.६६ या पत्त्यावरील संगणकाकडे एका ठरावीक नावाची फाइल टीएफटीपीने मागतो, आणि मिळाली की स्वतःच बसवून घेतो. बूटलोडरच बिघडला असेल तर पेटी उघडून तीन तारांनी सिरियल कन्सोल जोडावा लागतो, ३.३ व्होल्टचा, चौथी, विजेची, तार जोडावयाची नाही. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे फ्लॅशच्या चिपेला चिमटा लावून ती थेट लिहिणे. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत ही सामग्री मिळते आणि ती वापरणारे हातही सापडतात, परंतु जो मनुष्य बेरीज जुळवतो त्याला तेथवर जाण्याची वेळ सहसा येत नाही.

एवढी यातायात कशासाठी, असे विचारणाऱ्याला २०१७ आणि २०१८ ही दोन वर्षे दाखवावीत. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियमच्या लव्हेन विद्यापीठातील माथी व्हानहूफ यांनी डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सर्वमान्य कुलपातील क्रॅक नावाचा दोष जाहीर केला. त्या वेळी ओपनडब्ल्यूआरटीतून फुटून निघालेल्या लेडे या गटाने काही दिवसांतच दुरुस्त आवृत्ती दिली. बाजारातल्या असंख्य जुन्या राउटरांना ती त्यांच्या उत्पादकांकडून कधीच मिळाली नाही. मे २०१८ मध्ये सिस्कोच्याच टालोस या संशोधक पथकाने व्हीपीएनफिल्टरची माहिती उघड केली, तेव्हा किमान ५ लाख यंत्रे किमान ५४ देशांत बाधित झालेली होती, आणि अमेरिकेच्या एफबीआयला लोकांना आपापले राउटर बंद करून पुन्हा चालू करा असे आवाहन करावे लागले. लेडेविषयी एक वाक्य जोडतो: मे २०१६ मध्ये कार्यपद्धतीवरील मतभेदांमुळे वेगळी झालेली ही मंडळी जानेवारी २०१८ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीच्या नावाखाली पुन्हा एकत्र आली, आणि आवृत्त्या नियमाने निघू लागल्या.

परंतु अद्यतनाने केवळ दोष बुजतात असे नाही. राउटर नवा असताना जेवढा चांगला होता त्याहून चांगला होतो, आणि ह्या गोष्टीचे मला सर्वांत अप्रूप वाटते. घरात एकजण मोठी फाइल चढवू लागला की दुसऱ्याचे बोलणे तुटू लागते, याचे कारण वेग अपुरा असणे हे पुष्कळदा नसतेच. राउटरात आणि मोडेममध्ये रांगा भलत्याच लांब ठेवलेल्या असतात, आणि एक थैली साखर नेणाऱ्याला रेशनच्या दुकानात चाळीस पोती उचलणाऱ्याच्या मागे ताटकळावे लागते, तशी बोलण्याची लहान पाकिटे फाइलीच्या ढिगाऱ्यामागे अडकतात. जिम गेटिस यांनी २०१०च्या सुमारास या विकाराकडे लक्ष वेधले. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल ही रांग आवरण्याची रीत मांडली. आणि डेव्ह टॅट यांनी सेरोडब्ल्यूआरटी नावाच्या, ओपनडब्ल्यूआरटीवर आधारलेल्या प्रयोगशाळेत ती साध्या घरगुती राउटरांवर घासूनपुसून सिद्ध केली. तिच्यातूनच एफक्यू-कोडेल आणि पुढे केक ह्या पद्धती लिनक्सच्या गाभ्यात आल्या. टॅट एप्रिल २०२५ मध्ये वारले. ज्या कोट्यवधी घरांत आज बोलणे न तुटता चालते, त्यांतल्या फारच थोड्यांना हे नाव ठाऊक असेल. आपल्या मराठी वाचकाला तरी ते ठाऊक असावे, म्हणून येथे मुद्दाम लिहिले. या सोयीला प्रोसेसरची ताकद लागते हे मात्र सांगितले पाहिजे. वर उल्लेखिलेला राउटर १०० मेगाबिटांची जोडणी नीट सांभाळतो. घरी त्याच्या कैक पट वेगाची जोडणी घेतली तर रांग आवरता आवरता तोच थकतो.

बाहेरचे फर्मवेअर बसवण्याच्या या मुक्ततेवर सरकारी बाजूनेही एकदा सावट आले होते. २०१५ मध्ये अमेरिकेच्या संचार आयोगाने, रेडिओची शक्ती मर्यादेबाहेर जाऊ नये या रास्त हेतूने, उत्पादकांकडून अशी माहिती मागवली की बाहेरचे फर्मवेअर बसू नये म्हणून तुम्ही कोणती तजवीज केली आहे. त्या मागणीपत्रात डीडी-डब्ल्यूआरटीचे नाव घेऊन प्रश्न होता. टॅट, व्हिंट सर्फ आणि इतर अडीचशेहून अधिक जाणकारांनी त्यावर आयोगाला निवेदन दिले. आयोगाने तो उल्लेख काढला, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये टीपी-लिंकशी झालेल्या तडजोडीत २ लाख डॉलरच्या दंडाबरोबरच बाहेरच्या फर्मवेअरला वाव देण्याचे मार्ग शोधण्याची अटही घातली. शक्तीची मर्यादा पाळणे आणि मालकाला त्याच्या यंत्रापासून दूर ठेवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा भेद आयोगाने अखेर मानला, हे फार चांगले झाले.

आता त्या जागेच्या प्रश्नाकडे. भारतात लाखो घरांत गेलेल्या टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूआर७४०एन आणि टीएल-डब्ल्यूआर८४१एन यांच्या बहुतेक आवृत्त्यांत ४ मेगाबाइट फ्लॅश आणि ३२ मेगाबाइट रॅम आहे. लिनक्सचा गाभा वर्षागणिक वाढत गेला, आणि १९.०७ ही या मापाच्या यंत्रांसाठी निघालेली शेवटची अधिकृत आवृत्ती ठरली. तिची देखभाल २०२२ मध्ये थांबली. २१.०२ पासून किमान ८ आणि ६४ मेगाबाइट लागतात, आणि आरामात चालायचे तर १६ आणि १२८. चार मेगाबाइटांत नवी आवृत्ती कोंबण्याचे उपद्व्याप करणारे कुशल लोक आहेत. नियंत्रणाचे पान काढून टाकतात, हे वगळतात, ते छाटतात. त्यांच्या कौशल्याविषयी मला आदर आहे, परंतु असा राउटर दुसऱ्याच्या घरी देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पुढचे अद्यतन कोणी करायचे याचे उत्तर त्याच्याजवळ नसते. सहकारनगरच्या नोंदवहीत अशा यंत्रांपुढे तांबड्या शाईने "बाद" लिहिलेले आहे. त्यांतल्या काहींचा रेडिओ बंद करून ते नव्या राउटरमागे केवळ वायरींच्या जोडण्या वाढवण्यासाठी लावले आहेत. उरलेले ई-कचरा संकलकाकडे गेले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रकल्पाने सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीच्या साह्याने ओपनडब्ल्यूआरटी वन हा स्वतःचा राउटर काढला: १ जीबी रॅम, आणि फ्लॅशच्या दोन स्वतंत्र चिपा. नेहमीचे फर्मवेअर एकीवर. ते बिघडले तर पेटीवरचे एक बटण सरकवून दुसरीवरच्या राखीव फर्मवेअरने यंत्र उठवावयाचे. अद्यतनातली भीती यंत्राच्या घडणीतूनच घालवण्याचा हा मार्ग मला मनापासून पटतो.

ज्यांना जुनाच राउटर हवा आहे त्यांच्यासाठी एक तपशील सांगतो. डब्ल्यूआर८४१एनच्या तेराव्या आवृत्तीत ८ आणि ६४ मेगाबाइट आहेत, आणि तिच्यानंतर निघालेल्या चौदाव्या आवृत्तीत पुन्हा ४ आणि ३२. वरून पाहता दोन्हींवर नाव तेच. तेव्हा तपकीर गल्लीत जुना राउटर घेताना वेष्टनाकडे किंवा विक्रेत्याच्या तोंडी दिलेल्या हमीकडे न पाहता पेटी उलटी करावी, पट्टीवरचा आवृत्तीचा आकडा वाचावा, तो ओपनडब्ल्यूआरटीच्या यंत्रसूचीत तेथेच उभ्या उभ्या फोनवर शोधावा, आणि पट्टी खरवडलेली असेल तर ती पेटी, किंमत कितीही कमी असो, परत ठेवावी.